सायकल सर्व्हिसिंगला देताना: बेळगाव सीमाभागातील नवख्या सायकलस्वारांसाठी

“सर्व्हिसिंग करून ठेवा, सायंकाळी येऊन नेतो,” एवढेच सांगून सायकल दुकानाच्या दारात लावायची आणि निघून जायचे, ही नवख्या सायकलस्वाराची नेहमीची पद्धत असते. मिस्त्री मग आपल्या सवयीप्रमाणे चेनला तेल देतो, ब्रेक आवळतो, हवा भरतो, फडका मारतो आणि सायकल परत करतो. ज्या आवाजासाठी किंवा ज्या जडपणासाठी आपण ती नेलेली असते, तो आवाज आणि तो जडपणा मात्र तसाच राहतो. यात मिस्त्रीचा दोष काढता येत नाही, कारण त्या सायकलवर रोज आपण बसतो, तो बसत नाही. तिचे दुखणे काय आहे हे त्याला आपणच नीट सांगायला हवे, आणि ते सांगता येण्यासाठी सायकलकडे थोडे पाहायला व ऐकायला शिकावे लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागात नुकतीच सायकल घेतलेल्यांसाठी, तसेच चंदगड किंवा खानापूरकडून शिक्षणासाठी शहरात येऊन थोरल्या भावाची जुनी सायकल वापरू लागलेल्या मुलामुलींसाठी हे सर्व क्रमाने लिहीत आहे.

सायकल केव्हा न्यावी

आपल्या भागात वर्षातून दोन वेळा सायकलची पूर्ण सर्व्हिसिंग करावी: एकदा मृग लागण्यापूर्वी आणि एकदा पाऊस सरल्यावर. मात्र दोन्ही वेळा गर्दीचे दिवस टाळावेत. कर्नाटकातील शाळा मेअखेरीस उघडतात, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक दुकानासमोर शाळकरी सायकलींची रांग असते आणि त्या घाईत कोणाच्याही सायकलचे हब (चाकाचा मधला भाग) उघडून पाहायला मिस्त्रीला सवड मिळत नाही. म्हणून पहिली सर्व्हिसिंग मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. दुसरी गर्दी खंडेनवमीची असते. हत्यारांची आणि वाहनांची पूजा असल्यामुळे आदले दोन-तीन दिवस गाड्या धुण्या-पुसण्याची झुंबड उडते, आणि पूजेच्या दिवशी पाने-पकडीसुद्धा हळदीकुंकू लावून मांडून ठेवलेल्या असतात. अशा दिवशी काम सांगणे बरे नव्हे. दसरा झाल्यावर आठवडाभराने गेल्यास मिस्त्री निवांत असतो आणि पावसाळ्याने केलेले नुकसानही तोवर पुरते दिसू लागलेले असते.

रोज दहा किलोमीटरपेक्षा अधिक सायकल चालवणाऱ्यांनी या दोन वेळांखेरीज दर तीन महिन्यांनी चेन आणि ब्रेक दाखवून घ्यावेत. कोणत्या भागातून आपण जातो यावरही पुष्कळ अवलंबून असते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पश्चिमेकडच्या पट्ट्यात पाऊस प्रचंड पडतो आणि जांभ्या दगडाची तांबडी बारीक रेव ओल्या चेनला चिकटून कानशीसारखी घासत राहते. निपाणी-चिकोडीकडे काळी माती असल्याने ती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये ठासून बसते व चाक अक्षरशः अडते. पुढे अथणीकडे कोरडी धूळ आणि बाभळीचे काटे यांचा त्रास अधिक. उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर लेथवरचा लोखंडी कीस सांडलेला असतो, आणि तो टायरमध्ये रुतला की काट्यापेक्षाही चिवट ठरतो. आपण कोणत्या वाटेने ये-जा करतो हे मिस्त्रीला सांगितले, तर काय आधी तपासायचे हे त्याला पुष्कळदा न विचारताच कळते.

दुकान कसे निवडावे

सीमाभागात साधारण तीन प्रकारची दुकाने आढळतात. शहराच्या पेठेत नव्या सायकली आणि सुटे सामान विकणारी जुनी दुकाने असतात, जिथे दुरुस्तीसाठी एखादा मिस्त्री बसवलेला असतो. गल्लीच्या तोंडाशी किंवा गावच्या बसस्टँडजवळ एकट्या माणसाची दुरुस्तीची दुकाने असतात. आणि अलीकडे गिअरच्या व डिस्क ब्रेकच्या सायकलींसाठी वेगळी दुकानेही निघाली आहेत. साध्या बिनगिअरच्या सायकलसाठी मी नेहमी दुसऱ्या प्रकारचे दुकान सुचवतो. तेथे काम करणारा आणि पैसे घेणारा माणूस एकच असतो, त्यामुळे तक्रार थेट त्याच्या कानावर जाते आणि आपण शेजारी उभे राहून काम पाहू शकतो. गिअरच्या सायकलसाठी मात्र ते काम रोज करणाऱ्या माणसाकडेच जावे, कारण गिअरची वायर अंदाजाने ओढली की चेन चाकाच्या तारांमध्ये शिरून मागचे चाक जाम होण्याचा धोका असतो.

दुकान चांगले आहे की नाही हे पाहण्याची माझी एक खूण आहे. प्रथम फक्त पंक्चर घेऊन जावे. चांगला मिस्त्री ट्यूब बाहेर काढून पाण्याच्या टबात धरतो, बुडबुडे कोठून येतात ते पाहतो, आणि एक भोक सापडले तरी तेथे न थांबता ट्यूबचा पूर्ण वेढा पाण्यातून फिरवतो. ती जागा कोरडी करून तो कानशीने किंवा पॉलिश पेपरने खरवडतो, सोल्यूशन लावल्यावर ते सुकण्याची वाट पाहतो आणि मगच ठिगळ दाबतो. याहून महत्त्वाचे म्हणजे ट्यूब परत बसवण्यापूर्वी तो टायरच्या आतून बोटे फिरवून काटा शोधतो. जो मिस्त्री टायरमधला काटा न शोधता ट्यूब आत सरकवतो, त्याच्याकडे पूर्ण सर्व्हिसिंगसाठी सायकल देण्याचे कारण नाही.

भाषेची अडचण सहसा येत नाही. बेळगावातील बहुतेक मिस्त्री मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्ही भाषा बोलतात. हुक्केरी, गोकाक किंवा बैलहोंगलकडे गेल्यास दोन-चार कन्नड शब्द मात्र जवळ असावेत. हवा भरायला सांगताना “गाळी हाक्री”, ब्रेक लागत नाही हे सांगताना “ब्रेक हिडियंगिल्ल” आणि पैसे विचारताना “एष्ट आगतदरी” एवढे आले तरी काम भागते. वयस्क मिस्त्रीला आपल्याकडे मामा किंवा काका म्हणतात आणि कन्नड भाषकाला अण्णा म्हणतात. पहिल्याच दिवशी असे बोलावले की पुढचे बोलणे सोपे होते.

आदल्या दिवशी घरी करायची तपासणी

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच सर्वजण गाळतात. यासाठी कोणतेही हत्यार लागत नाही, केवळ वीस मिनिटे आणि शांत जागा लागते.

प्रथम सायकल कोरड्या फडक्याने पुसावी. दुचाकी धुण्याच्या सेंटरमध्ये नेऊन प्रेशरच्या पाण्याने ती कधीही धुऊ नये, कारण ते पाणी हबमध्ये आणि खालच्या एक्सलमध्ये (पायडली ज्यावर फिरतात त्या दांड्यात) शिरते, ग्रीस बाहेर ढकलते आणि छर्ऱ्यांना, म्हणजे आतल्या पोलादी गोळ्यांना, गंज चढवते. साध्या बादलीभर पाण्याने आणि ब्रशने मडगार्डखालचा चिखल काढला तरी पुरे. मळलेली सायकल दुकानात नेल्यास मिस्त्रीचा अर्धा वेळ धुण्यात जातो आणि मडगार्डमागची तडा गेलेली पट्टी चिखलाखाली तशीच राहून जाते.

यानंतर सायकल हलवून पाहावी. पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि हँडल पुढे-मागे ढकलावे. गळ्याशी टकटक जाणवली तर चिमट्याच्या (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या) वरचे कप ढिले आहेत. मागचे चाक रिमला धरून डावी-उजवीकडे हलवावे, खेळ लागला तर हबचे कोन (छर्रे जागेवर धरणारे शंकूसारखे नट) ढिले आहेत. मग दोन्ही क्रँक (पायडलचे दांडे) धरून आडव्या दिशेने रेटावे, तेथे खेळ लागला तर खालची एक्सल पाहायला लागेल. ब्रेकची मूठ पूर्ण दाबल्यावर ती हँडलच्या रबराला टेकता कामा नये.

पुढचे काम ऐकण्याचे. सायकलचा आवाज ऐकताना तो कसा आहे यापेक्षा तो किती वेळाने येतो हे मोजावे. पायडलच्या एका फेरीला एकदा ‘खट’ असा आवाज येत असेल, तर दुखणे पायडल, क्रँक किंवा खालच्या एक्सलजवळ असते. पायडल थांबवून सायकल नुसती उतारावर सोडली आणि तरीही चाकाच्या प्रत्येक फेरीला आवाज आला, तर रिम, टायर, तार किंवा मडगार्ड यांपैकी काहीतरी घासत असते. आणि पायडलच्या साधारण अडीच फेऱ्यांमागे एकदा झटका लागत असेल, तर चेनची एखादी कडी ताठरलेली असते. यामागे साधे गणित आहे. पुढच्या चक्राला 44 दाते आणि चेनला 112 च्या आसपास कड्या असल्या, तर तीच कडी पुन्हा त्याच जागी येण्यास पायडलच्या अडीच फेऱ्या लागतात. ही मोजणी एकदा केली की आपण मिस्त्रीला जे सांगतो त्याला वजन येते.

चेन किती झिजली आहे हेही घरीच मोजता येते. सायकलच्या चेनच्या एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. पोलादी टेपचे टोक एका पिनच्या मध्यावर धरले, तर नव्या चेनमध्ये चोविसाव्या पिनचा मध्य बरोबर 12 इंचांवर येतो. तो इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे सरकलेला दिसला तर चेन बदलण्याची वेळ आली आहे. इंचाच्या आठव्या भागाने सरकला असेल, तर झिजलेल्या चेनने फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे) दातेही खाल्लेले असतात आणि नुसती नवी चेन टाकल्यास ती चढावर उसळते. वेळेवर बदललेली चेन हा त्यामुळे मोठा खर्च वाचवणारा लहान खर्च आहे.

एवढे झाल्यावर जे आढळले ते कागदावर तीन-चार ओळींत लिहून घ्यावे.

दुकानात काय सांगावे

मिस्त्रीला तक्रार सांगावी, दुरुस्ती सांगू नये. “फ्रीव्हील बदला” असे म्हणण्याऐवजी “मामा, चढाला जोर लावला की चेन उसळालीय बघा” असे सांगावे. कारण आपण भागाचे नाव घेतले, की पुष्कळ दुकानांत तोच भाग निमूटपणे बदलला जातो.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. वडगावहून येळ्ळूरच्या शिवारातून रोज जाताना माझ्या काळ्या सायकलला प्रत्येक पायडलगणिक ‘खट’ असा आवाज येऊ लागला. फ्रीव्हील गेले असावे असे मानून मी एका दुकानात ते बदलून मागितले. त्यांनी बदलून दिले, पैसे घेतले आणि आवाज तसाच राहिला. पुढे दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मला सायकल समोरच्या रस्त्यावर चालवायला लावली. स्वतः पायरीवर बसून तो ऐकत राहिला आणि परत आल्यावर त्याने डाव्या क्रँकमधली कॉटर पिन काढून माझ्या हातावर ठेवली. पेन्सिलीएवढ्या जाडीची ती पोलादी पिन एका अंगाने तिरपी कापलेली असते आणि त्या तिरप्या सपाट बाजूनेच क्रँकला एक्सलवर घट्ट धरून ठेवते. माझ्या पिनीच्या त्या बाजूवर नखाला लागेल अशी पायरी पडली होती. प्रत्येक फेरीत क्रँक त्या पायरीएवढा सरकत होता आणि तोच ‘खट’ मला ऐकू येत होता. नवी पिन फ्रीव्हीलच्या तुलनेत अगदी किरकोळ किमतीला आली.

त्या मिस्त्रीचे हात पाहूनच मला चांगल्या कामाची एक खूण कळली. पिन ठोकून काढताना त्याने क्रँकच्या खाली, जमिनीपासून थेट, लोखंडी पाइपचा तुकडा आधाराला लावला होता. असा आधार न देता हातोडा मारला तर प्रत्येक घाव आतल्या छर्ऱ्यांवर बसतो आणि कपला खड्डे पडतात. शिवाय नव्या पिना बसवताना दोन्ही बाजूंच्या पिना परस्परविरुद्ध दिशांनी घालाव्या लागतात, नाहीतर दोन्ही पायडली एका सरळ रेषेत येत नाहीत आणि चालवताना पाय लंगडतात. आपल्या सायकलला कॉटर पिन असेल, तर काम झाल्यावर क्रँक आडवा धरून दोन्ही पायडली एका रेषेत आहेत का, एवढे पाहून घ्यावे.

तक्रार सांगून झाल्यावर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मजुरी किती आणि सामानाचे पैसे वेगळे की त्यातच, हे आधी ठरवावे. काही बदलावे लागले तर आधी सांगा आणि जुने सामान परत द्या, असे नम्रपणे म्हणावे. आणि कोणत्या वेळेला यावे ते विचारावे. “सांजचं येऊन घेऊन जावा” असे उत्तर आले, तर शक्य असल्यास तासभर आधीच जाऊन बसावे. मिस्त्री काम करताना शेजारी बसण्याला आपल्याकडे कोणी हरकत घेत नाही. उलट आपल्याला रस आहे असे दिसले की तो बोलू लागतो आणि त्याच्या बोलण्यातून मिळणारी माहिती दुसरीकडे मिळत नाही.

पूर्ण सर्व्हिसिंगमध्ये काय अपेक्षित आहे

‘सर्व्हिसिंग’ आणि ‘ओव्हरहॉलिंग’ हे शब्द दुकानागणिक वेगळ्या अर्थाने वापरले जातात, म्हणून शब्दांवर न जाता कामे विचारावीत. पावसाळ्यानंतरच्या सर्व्हिसिंगमध्ये दोन्ही चाकांचे हब आणि खालची एक्सल उघडलीच पाहिजे. हब उघडल्यावर आतले ग्रीस काळे पडलेले किंवा पाणी शिरून पांढुरके झालेले दिसते. मिस्त्री छर्रे एका ताटलीत काढून रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुतो. साध्या सायकलच्या पुढच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला 10 आणि मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला 9 छर्रे असतात. पुढचे छर्रे आकाराने 3/16 इंच आणि मागचे 1/4 इंच. यातला एकही डागाळलेला दिसला तर त्या बाजूचे सर्वच नवे टाकावेत, कारण जुने आणि नवे छर्रे यांत केसाएवढा जरी फरक राहिला तरी सगळा भार मोठ्या छर्ऱ्यांवर येतो. कोनवर नख फिरवून पाहावे. खड्डा लागला तर कोनही बदलावा, नाहीतर नवे छर्रे काही आठवड्यांत खराब होतात.

कोन आवळणे हे हाताच्या सवयीचे काम आहे. फार आवळला तर चाक जड फिरते, ढिला ठेवला तर डगमगते. बरोबर बसवलेले पुढचे चाक उचलून हलकेच सोडले तर ते शेवटी व्हॉल्व्हसारखी जड बाजू खाली येईपर्यंत लंबकासारखे झुलते आणि मगच थांबते. हे झुलणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, त्याहून चांगली खात्री नाही.

चाकाचा आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढणे हे दुसरे कसबाचे काम. जुन्या पद्धतीच्या सायकलच्या पुढच्या चाकाला 32 आणि मागच्या चाकाला 40 तारा असतात, कारण मागच्या चाकावर बसणाऱ्याचा आणि कॅरिअरवरच्या ओझ्याचा भार असतो. मिस्त्री सायकल उलटी करून चाक फिरवतो, चिमट्याला हात टेकवून खडूचे टोक रिमच्या अगदी जवळ स्थिर धरतो, आणि जेथे रिम बाहेर आली असेल तेथेच खडूचा पांढरा पट्टा उमटतो. मग त्या जागेची विरुद्ध बाजूची तार निपलमधून (तारेच्या टोकावरच्या बारीक नटातून) पाव फेरी आवळून आणि त्याच बाजूची तार तेवढीच सैल करून तो रिम आत आणतो. घाईने एकच तार दोन-तीन फेऱ्या आवळणारा माणूस आऊट काढत नाही, तो पुढच्या महिन्यातला आऊट तयार करतो. या कामाला वेळ लागतो, त्यामुळे मिस्त्री मजुरी जरा अधिक सांगत असेल तर ती देण्यास खळखळ करू नये.

ब्रेकच्या बाबतीत आपल्या भागात पावसाचा विचार आधी करावा लागतो. रॉड ब्रेकमध्ये रबर रिमच्या आतल्या अंगाला, आणि वायरच्या ब्रेकमध्ये रिमच्या बाजूंना लागते. दोन्हींत रिम ओली झाली की सायकल उशिरा थांबते. मेमधल्या सर्व्हिसिंगमध्ये रबरावरच्या खाचा बुजल्या असतील तर रबर बदलूनच घ्यावे आणि वायरच्या टोकाशी तंतू सुटले असतील तर वायरही. जुन्या रबरात रुतलेले रेवेचे कण टाचणीने काढून टाकण्याने रिम वाचते, हे काम घरीही करता येते. डिस्क ब्रेक असल्यास मात्र मिस्त्रीला चेनला तेल देताना डिस्कवर फडका टाकायला सांगावे. डिस्कवर किंवा पॅडवर तेलाचा एक थेंब पडला तरी ब्रेकची पकड जाते, आणि पॅडमध्ये मुरलेले तेल सहसा निघत नाही.

चेनला ग्रीस लावू देऊ नये. ग्रीस बाहेरच राहते आणि तांबड्या धुळीला धरून ठेवते. पातळ तेलाचा थेंब प्रत्येक कडीच्या रोलरवर, चेनच्या आतल्या अंगाने द्यावा, पायडल उलटे फिरवून ते मुरू द्यावे आणि मग वरचे सगळे तेल पुसून टाकावे. पुसलेल्या चेनवर हात फिरवला तर बोट किंचित ओशट व्हावे, काळे होऊ नये.

राहता राहिली हवा. टायरच्या कडेवर दाबाचा आकडा छापलेला असतो, तो वाचून तेवढीच भरावी. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने सायकलमध्ये हवा भरताना फार जपावे लागते, कारण सायकलच्या ट्यूबमध्ये जागा थोडी असते आणि दाब क्षणात वाढून ती फुटू शकते. काळ्या सायकलींच्या जुन्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक नळी असते. ती सडली की पंक्चर नसतानाही रात्रीतून हवा उतरते. व्हॉल्व्हवर ओले बोट ठेवून बुडबुडा येतो का पाहावे, आणि आलाच तर मिस्त्रीकडून फक्त ती नळी बदलून घ्यावी.

सुट्या सामानाविषयी

सामान घेताना टायरचा आकार लिहून न्यावा, कारण ‘छब्बीसचा टायर’ एवढ्याने भागत नाही. 26 x 1 3/8 आणि 26 x 1.95 हे दोन्ही छब्बीसचेच म्हटले जातात, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. 28 x 1 1/2 चा टायर जुन्या काळ्या सायकलचा असतो. साध्या सायकलींचे सामान या भागात खेड्यातही मिळते. 2006-07 पासून कर्नाटक शासनाने आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली वाटल्या, त्यांपैकी कित्येक अजून गावोगाव दुधाच्या कॅन आणि चाऱ्याचे भारे वाहत आहेत, आणि त्यांच्यासाठी लागणारे ब्रेक रबर, पायडल, चेन हे छोट्या दुकानांतूनही ठेवलेले असते. गिअरच्या सायकलचे सामान मात्र मागवावे लागू शकते. तेव्हा मेच्या सुरुवातीलाच दुकानात विचारून ठेवणे सोयीचे, नाहीतर सामान येईपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो.

सायकल परत घेताना

अंधार पडण्यापूर्वी जावे, आणि पैसे देण्यापूर्वी मिस्त्रीच्या समोर सायकल पाहून घ्यावी. यात अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही. चांगला मिस्त्री स्वतःच “एक चक्कर मारून बघा” असे म्हणतो. आदल्या दिवशी घरी जी तपासणी केली होती तीच त्याच क्रमाने पुन्हा करावी: हँडलचा गळा, चाकांचा खेळ, क्रँकचा खेळ, ब्रेकची मूठ. दोन्ही चाकांचे नट हाताने फिरत नाहीत ना हे पाहावे. पायडली काढून बसवल्या असतील तर डाव्या पायडलीकडे विशेष लक्ष द्यावे. डाव्या पायडलीचे आटे उलटे असतात, ती नेहमीच्या दिशेच्या विरुद्ध आवळावी लागते. कोणी नवशिक्या पोराने ती जोर लावून चुकीच्या दिशेने फिरवली, तर क्रँकमधले आटे कायमचे जातात.

सीटची उंचीही तेथेच लावून घ्यावी. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पायडलीवर ठेवली असता पाय सरळ व्हावा, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात हलका बाक राहतो. सीटच्या नळीवर कमाल उंचीची खूण कोरलेली असेल तर ती दिसेपर्यंत नळी वर काढू नये.

मग चक्कर मारावी, आणि ती सपाट रस्त्यावरच मारून परत येऊ नये. कॅम्पातले किंवा काँग्रेस रोडवरचे सरळ रस्ते ब्रेक आणि आऊट पाहायला चांगले आहेत, पण चेन व फ्रीव्हील तपासायचे असेल तर चढ हवा. शहरात कपिलेश्वर उड्डाणपुलाचा चढ त्यासाठी पुरेसा आहे. उभे राहून जोर लावावा, चेन उसळली नाही आणि खटका आला नाही तर काम नीट झाले आहे. काही खटकले, तर घरी न जाता तसेच दुकानात परतावे आणि जे ऐकू आले तेच पुन्हा शांतपणे सांगावे. तीन दिवसांनी जाऊन केलेल्या तक्रारीपेक्षा दहा मिनिटांत परत येऊन सांगितलेली तक्रार कोणालाही पटते.

पहिले काही दिवस

सर्व्हिसिंग झाल्याबरोबर कोणी राजहंसगडाचा चढ गाठतात, कोणी थेट चोर्ला घाटाकडे निघतात. असे करू नये. नव्या वायरी पहिल्या काही दिवसांत थोड्या ताणतात, आवळलेल्या तारा जागेवर बसतात, नवी कॉटर पिन दबून तिचा नट किंचित सैल होतो, आणि हे सर्व दुकानापासून दूर घाटउतारावर लक्षात येणे धोक्याचे आहे. आठ-दहा दिवस गावातल्या गावात सायकल चालवून ती पुन्हा त्याच मिस्त्रीकडे न्यावी आणि ब्रेकची वायर, कॉटरचे नट व तारा एवढेच बघायला सांगावे. हे पाच-दहा मिनिटांचे काम असते, आणि पुष्कळ मिस्त्री त्याचे पैसे घेत नाहीत. तरी आपण निदान चहा सांगावा, आणि बसल्या बसल्या या वेळी कोणता भाग किती झिजलेला दिसला, पुढच्या खेपेला काय बदलावे लागेल, हे विचारून त्याच कागदावर तारखेसह लिहून घ्यावे. दसऱ्यानंतर पुन्हा त्याच्याकडे जाताना तो कागद बरोबर न्यावा.